वारीत लॅपटॉप न नेता रॉ फोटो सांभाळायचे कसे: आमच्या दाजींचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या दाजींचं. दाजी फलटणचे, पतसंस्थेत नोकरीला, आणि फोटोचा नाद एवढा की ताई म्हणते घरात माझ्यापेक्षा लेन्सला जास्त जपतात. कॅमेरा निकॉन डी५६००, सोबत १८-१४० ची लेन्स, आणि काढतात फक्त रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा तसाच ठेवणाऱ्या मोठ्या फाइलींत. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर लोणंदपासून पंढरपूरपर्यंत चालत जातात, एका दिंडीत नावच आहे त्यांचं. २०२४ च्या वारीआधी (त्या वर्षी आषाढी १७ जुलैला होती) त्यांनी मला सांगितलं की यावर्षी लॅपटॉप न्यायचा नाही, तुझ्याकडं तो छोटा कॉम्प्युटर पडून आहे त्याचं काहीतरी कर.

छोटा कॉम्प्युटर म्हणजे रास्पबेरी पाय ४, हातात मावणारा एका बोर्डाचा कॉम्प्युटर, ४ जीबी रॅमचा, पुढे त्याला नुसतं पाय म्हणतो. आणि "काहीतरी कर" म्हणजे दाजींच्या डोक्यात असं होतं की त्याच्यावरच रोज रात्री तंबूत बसून फोटो एडिट करायचे. इथेच आमचा पहिला वाद झाला. मला विचाराल तर पायवर एडिटिंग होतं का हा प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारला जातो, होतं की, डार्कटेबल (रॉ फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल होतं, उघडतं, फोटो दिसतो. पण वारीत दाजींची खरी गरज काय होती? रोजची कार्डं रिकामी करायची, एकाच्या दोन प्रती असल्याची खात्री पाहिजे, आणि दिंडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला चार फोटो पाहिजेत. एडिटिंग घरी गेल्यावर. हे मान्य करून घ्यायलाच एक रविवार गेला, पण त्यामुळे पुढचं सगळं सोपं झालं.

आधी अडचणी सांगतो म्हणजे कळेल. एक तर पालखीतळावर मोबाइलचं नेटवर्क नावालाच असतं, लाखो माणसं एका माळावर, त्यामुळे क्लाउडवर टाकू वगैरे विसरायचं. दुसरं, दिंडीचं सामान ट्रकमध्ये जातं, माणसं चालत, म्हणजे जे ट्रकमध्ये टाकलं ते संध्याकाळपर्यंत हातात नाही आणि पावसात ट्रक अडकला तर रात्रीही नाही. तिसरं म्हणजे लाईट, जनरेटर चालू असेपर्यंत आणि बोर्डावर जागा मिळाली तर. जुना लॅपटॉप सव्वादोन किलोचा, बॅटरी गेलेली, तो आदल्या वर्षी सगळा वेळ ट्रंकेतच पडून होता.

आता कोणीतरी म्हणणार की फोनला ओटीजी (यूएसबीची वस्तू फोनला जोडायचा अडॅप्टर) लावून कार्डावरचं एसएसडीवर (न फिरणारी, चिपवाली डिस्क) टाका की, पाय कशाला? बरोबर आहे, आणि जेपीईजी काढणाऱ्याने तेच करावं, उगाच खटाटोप करू नये. दाजींचं दुखणं वेगळं होतं, फोनच्या फाइल मॅनेजरने हजारभर रॉ फाइली कॉपी करताना मधेच फोन आला, स्क्रीन बंद झाली, ॲप मागे गेलं की कॉपी कुठवर झाली ते कळत नाही, आणि झालेली कॉपी नीट झाली का हे तपासायची सोयच नाही. आदल्या वर्षी वेळापूरच्या मुक्कामाचे काही फोटो असेच अर्धे निघाले, खाली राखाडी पट्टे.

तर मांडणी अशी केली. पाय ४ ॲल्युमिनियमच्या केसमध्ये, पंखा नाही. यूएसबी ३ चा कार्ड रीडर, ५०० जीबीची छोटी एसएसडी, एक १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह, आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. पाय ४ च का, तर पायच्या मालिकेत यूएसबी ३ पहिल्यांदा याच मॉडेलमध्ये आलं, २०१९ मध्ये. त्याच्या आधीच्या पाय ३ वर यूएसबी २ आहे, त्यावर सेकंदाला तीसेक एमबीच्या वर फार काही मिळत नाही. डी५६०० ची एक रॉ फाइल २५ एमबीच्या आसपास धरा, रिंगणाच्या दिवशी २० जीबी सहज होतात, ते यूएसबी २ ने अकरा-बारा मिनिटं आणि चांगल्या कार्डावर यूएसबी ३ ने चार-पाच मिनिटं. कॅमेरा थेट केबलने जोडून काही फायदा नाही कारण कॅमेऱ्याचं यूएसबीसुद्धा २ च आहे, वर कॅमेऱ्याची बॅटरी जाते ती वेगळीच.

प्रोसेसरचा वेग, रॅम याची चर्चा सगळे करतात, आमचा सगळा वेळ गेला करंटमध्ये. पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात. पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरात २२.५ वॉट छापलेलं असतं, पण ते फोनशी बोलणी करून ठरवलेल्या व्होल्टेज-करंटवरचं असतं, पायला ती बोलणी जमत नाहीत, त्याला साधे ५ व्होल्टच हवेत आणि ५ व्होल्टवर तीच पॉवर बँक कधी ३ अँपिअर देते कधी २ च. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचून घ्यायचं. त्यात केबल बारीक असली की व्होल्टेज वाटेतच पडतं, साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय तशी नोंद ठेवतो आणि वेग कमी करतो, स्क्रीन लावलेली असेल तर विजेचं चिन्ह दिसतं. आमच्याकडे स्क्रीन नव्हती म्हणून ते घरीच तपासलं, तीन केबलींपैकी एकच पास झाली, आखूड आणि जाड. शिवाय पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून जेमतेम १.२ अँपिअर देतात. म्हणून जुनी फिरती हार्ड डिस्क बाद, ती सुरू होतानाच एवढं खाते की रीडर गटांगळ्या खातो. एसएसडी, रीडर आणि पेन ड्राइव्ह एकत्र चालले, तरी पहिली एसएसडी मधूनमधून गायब व्हायची. ते करंटमुळे नव्हतं, तिच्या केसमधली जी जोडणारी चिप होती तिचं लिनक्समधल्या (पायवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) यूएएस या यूएसबी डिस्कच्या जलद पद्धतीशी जमत नव्हतं. बूटच्या फाइलमध्ये त्या चिपचा नंबर घालून यूएएस बंद केलं की वेग थोडा कमी होतो पण डिस्क टिकून राहते. अशा केस बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे डिस्क अधूनमधून सुटत असेल तर आधी हे बघा, नवीन डिस्क घ्यायला धावू नका.

मग स्क्रिप्ट. रीडरमध्ये कार्ड घातलं की आपोआप कॉपी सुरू व्हायला पाहिजे, दाजींना काही टाइप करायला लागू नये अशी अट. यात एक छोटी खोच आहे, कार्ड आल्याचं ओळखणारं जे युडेव्ह असतं त्यातून लांबलचक काम थेट चालवलं तर ते मधेच मारून टाकतं, म्हणून युडेव्हने फक्त सिस्टमडीची (लिनक्समधली कामं सुरू करणारा आणि सांभाळणारा भाग) सर्व्हिस सुरू करायची आणि कॉपी त्या सर्व्हिसने करायची. कॉपीला आरसिंक, फाइली ताडून कॉपी करणारा प्रोग्रॅम. कॉपी झाली की एसएसडी आणि पेन ड्राइव्ह अनमाउंट (सिस्टीमपासून वेगळे) करून परत माउंट करायचे आणि मग चेकसमने, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या आकड्याने, मूळ कार्डाशी ताडून बघायचं, अनमाउंट अशासाठी की नाहीतर लिनक्स रॅममध्ये राहिलेलीच प्रत वाचून "सगळं ठीक" म्हणून मोकळं होऊ शकतं. दोन्ही प्रती जुळल्या की पायवरचा हिरवा दिवा स्थिर लागतो, नाही जुळल्या तर भराभर लुकलुकतो. दाजींना एवढंच सांगितलं, दिवा स्थिर झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, माउलींची शप्पथ.

तारखेचा घोळ मात्र आधीच टाळला. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. इंटरनेट मिळालं तर वेळ बरोबर, नाहीतर शेवटच्या वेळी जी वेळ लिहून ठेवलेली तिथून पुढे सुरू. त्यात आम्ही ऑपरेटिंग सिस्टीमचं कार्ड ओव्हरले मोडमध्ये ठेवलेलं, म्हणजे त्यावर काहीच लिहिलं जात नाही आणि वायर उपटली तरी सिस्टीम खराब होत नाही, रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये सरळ पर्याय आहे. पण याचाच अर्थ असा की नेटवर्क नसलेल्या माळावर पाय रोज रात्री त्याच एका जुन्या तारखेला जागा होणार. त्या तारखेने फोल्डर केले असते तर अख्खी वारी एका दिवसात उरकली असती. म्हणून फोल्डरची तारीख पायची नाही, फोटोच्या एक्झिफमधली, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोतच लिहिलेल्या माहितीतली, एक्झिफटूल हा प्रोग्रॅम हे काम चोख करतो. फाइलचं नावही बदललं, तारीख-वेळ आणि मग मूळ नंबर, कारण निकॉनचा आकडा ९९९९ वर गेला की परत ०००१ पासून सुरू होतो, आणि "आधीच असलेली फाइल सोडून दे" असं सांगितलेलं असलं की नवा फोटो जुन्याच्या नावावर गुपचूप गाळला जातो. दाजींचा आकडा लोणंदला निघतानाच ८००० च्या पुढे होता, त्यामुळे हे पुस्तकी नव्हतं.

निवडीसाठी फोन. पाय स्वतःचं वायफाय हॉटस्पॉट सुरू करतो, फोन त्याला जोडायचा, फाइल मॅनेजरमध्ये सांबाचं शेअर (नेटवर्कवरून दिसणारं पायवरचं फोल्डर) उघडायचं. रॉ फाइल फोनवर उघडायच्या भानगडीत पडायचं नाही कारण निकॉनच्या प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला पूर्ण आकाराचा जेपीईजी आधीच असतो. एक्झिफटूलने तो नुसता बाहेर काढायचा, रॉ डीकोड करायची गरजच नाही, मग २०४८ पिक्सेलला लहान करायचा. पाय हे काम निवांत करतो. दाजी आडवे पडून फोनवर बघणार, आवडला की "निवड" नावाच्या फोल्डरमध्ये टाकणार, त्यातलेच तीन-चार फोनमध्ये घेऊन पहाटे नेटवर्क जरा मोकळं असतं तेव्हा ग्रुपवर. घरी आल्यावर "निवड" मधल्या नावांवरून त्या त्या रॉ फाइली आपोआप वेगळ्या निघणार.

प्रत्यक्षात काय झालं. लोणंद ते तरडगाव, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, सगळं सुरळीत, दाजींचा फोन आला की दिवा लागला रे. फलटणला मुक्काम म्हणजे घरच, तिथे सगळं घरच्या पीसीवर उतरवून घेतलं, तिसरी प्रत झाली. बरडलाही ठीक. घोटाळा नातेपुत्यात. कॉपी चालू असताना शेजारच्या काकांनी जनरेटरचा लाईट आलाय बघून भलेपणाने पॉवर बँकच चार्जिंगला लावली. बऱ्याच पॉवर बँका चार्जर लावला किंवा काढला की क्षणभर आउटपुट तोडतात, फोनला कळतही नाही, पाय मात्र तिथल्या तिथे बंद होऊन परत चालू. दाजी घाबरले, दिवा लुकलुकतोय म्हणून रात्री अकराला फोन. म्हटलं काही करू नका, कार्ड काढा आणि परत घाला. आरसिंकची एक चांगली सवय आहे, फाइल कॉपी होत असताना ती तात्पुरत्या नावाने लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव मिळतं, त्यामुळे खऱ्या नावाची अर्धी फाइल सहसा राहत नाही. दुसऱ्यांदा चालवल्यावर झालेल्या फाइली सोडून पुढचं काम झालं, दिवा स्थिर. एसएसडी आणि पेन ड्राइव्ह ईएक्सटी४ मध्ये (डिस्कवर फाइली मांडायची लिनक्सची पद्धत) फॉरमॅट केलेले त्याचाही इथे उपयोग झाला असणार, एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीला जर्नल, म्हणजे बदलांची आधी करून ठेवलेली नोंद, नसतं, अशा झटक्यात त्याचं काय झालं असतं सांगता येत नाही. ईएक्सटी४ चा तोटा एवढाच की घरच्या विंडोजवर डिस्क थेट उघडत नाही, ते नेटवर्कवरून उतरवायला लागतं.

माळशिरसच्या अलीकडे पुरंदावड्याला पहिलं गोल रिंगण. दाजींचं सगळ्यात लाडकं, माउलींचा अश्व मोकळा धावतो आणि सोबत स्वाराचा, धूळ, टाळ, टापांखालची माती कपाळाला लावायला लोकांची झुंबड. शटर हजारावर एक, सेकंदाला चार-पाच फोटो, रॉ मध्ये बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) पटकन भरतो म्हणून छोट्या छोट्या फैरी. त्या रात्री पाऊस होता म्हणून दाजींनी पाय प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर टॉवेल टाकला. पंखा नसलेला पाय ८० अंशाला पोचला की स्वतःचा वेग कमी करतो, तेच झालं, कॉपी झाली पण चेकसम आणि जेपीईजी काढणं रात्रभर रेंगाळलं. पुढच्या मुक्कामापासून पाय स्टीलच्या डब्यात, झाकण अर्धं उघडं.

आणि लाईटचं म्हणाल तर पायने कधी त्रासच दिला नाही. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलवरचा, म्हणजे ७४ वॉट-तास, रूपांतरात जातात ते सोडून साठेक धरा, पाय आणि एसएसडी मिळून पाच-सहा वॉट, म्हणजे सलग दहा तास, आणि रोजचा वापर तास-दीड तास. मुश्किल झाली ती कॅमेऱ्याच्या बॅटरीची. डी५६०० यूएसबीवर चार्ज होत नाही, त्याला भिंतीतला चार्जरच लागतो, त्यामुळे ज्या जनरेटरच्या रांगेतून सुटण्यासाठी एवढं केलं त्याच रांगेत दाजी बॅटरी घेऊन उभे. कागदावर एका बॅटरीत ९७० फोटो म्हणतात आणि तेवढे निघतातही, पण रोज रात्री स्क्रीनवर मागचे फोटो पुढचे फोटो करत बसलं की नाही निघत. फोनवर बघायची सोय झाल्यावर ते कमी झालं, हा एक न ठरवलेला फायदा.

वाखरीपर्यंत रोज एसएसडी ट्रकमधल्या ट्रंकेत आणि पेन ड्राइव्ह दाजींच्या कंबरेच्या पाऊचमध्ये. एकच जागा भिजली तरी दुसरी शाबूत. १२८ जीबी भंडीशेगावला काठोकाठ भरला, शेवटच्या टप्प्यात कार्डंच फॉरमॅट न करता ठेवली.

आता एडिटिंग, ज्यावरून वाद होता. घरी आल्यावर दाजींच्या समाधानासाठी पायला टीव्ही जोडून डार्कटेबल चालवलं. उघडतं. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, क्रॉप हे स्लायडर थोडे अडखळत का होईना पण हलतात, कारण डार्करूममध्ये फोटो स्क्रीनच्या आकाराला लहान करूनच प्रोसेस होतो. एक्सपोर्टला मात्र खरा आकार लागतो. २.४ कोटी पिक्सेल, प्रत्येकाचे ४ चॅनेल, प्रत्येक चॅनेलला ४ बाइट, झाले ३८४ एमबी, आणि हे एका मॉड्यूलच्या (एडिटिंगच्या एका पायरीच्या) एका बाजूचं, आत जाणारं एक आणि बाहेर येणारं एक धरा म्हणजे ७६८. ४ जीबीच्या पायवर डार्कटेबल मग फोटोचे तुकडे करून एकेक करत बसतं. आणि डेस्कटॉपवर ग्राफिक्स कार्ड ओपनसीएलने (हिशोबाची कामं ग्राफिक्स कार्डाला द्यायची सोय) जे ओझं उचलतं ते पायचा ग्राफिक्स भाग डार्कटेबलसाठी उचलत नाही. साधा फोटो कसाबसा निघतो, रात्रीच्या कीर्तनाचा आयएसओ ६४०० चा फोटो, त्यावर प्रोफाइल्ड डीनॉइज (फोटोतले दाणे कमी करणारं मॉड्यूल), की दाजी उठून अंगणात. घरच्या जुन्या डेस्कटॉपवर, १६ जीबी रॅम, तोच फोटो काही सेकंदात. लाइटरूम लिनक्सवर नाहीच, आणि दरमहा पैसे भरायची दाजींची तयारी नाही, त्यामुळे विंडोजवरही डार्कटेबलच टाकलं, फुकट आहे आणि दोन्हीकडे एकाच एक्सएमपी फाइलवर (एडिटिंगची नोंद ठेवणारी) चालतं.

पहिला फोटो उघडल्यावर दाजींचा चेहरा पडला. "आरं हे फिक्कं का दिसतंय? फोनवर तर भारी होतं." फोनवर जे बघितलं तो कॅमेऱ्याचा जेपीईजी होता, निकॉनचा पिक्चर कंट्रोल (रंग-कॉन्ट्रास्टची तयार सेटिंग) लावलेला. डार्कटेबल ते काही लावत नाही, कोरा माल समोर ठेवतं. पण फिकटपणाबरोबर अंधारही जास्तच वाटत होता, तेव्हा कॅमेरा बघितला तर ॲक्टिव्ह डी-लाइटिंग चालू. ढगाळ आभाळ आणि पांढरे सदरे असले की ते उजेडाचे भाग वाचवायला एक्स्पोजर थोडं कमी ठेवतं आणि मग जेपीईजीमध्ये सावल्या उचलतं, दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्यातलं काहीच माहीत नसतं, त्याला नुसता काळपट रॉ मिळतो. रॉ काढून डार्कटेबल वापरणार असाल तर ते बंदच ठेवा. बाकी फोटोंना एक स्टाइल बनवून दिली, एक्स्पोजर थोडं वर, फिल्मिक (उजेड-अंधार सांभाळणारं मॉड्यूल), लेन्स करेक्शन, आणि "निवड" मधल्या सगळ्यांवर एकदम लावून दाखवली, मग हसले. रिंगणाच्या धुळीतला तांबूसपणा जेपीईजीमध्ये धुऊन गेलेला तो रॉ मधून परत आला, त्यावर अर्धा तास कौतुक.

पुढच्या वारीसाठी ठरलंय ते असं की पेन ड्राइव्हऐवजी दुसरी एसएसडी, कॅमेऱ्याच्या बॅटरीसाठी पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी चार्जर, आणि पॉवर बँकेवर ठळक अक्षरात "काका हात लावू नका" अशी पट्टी. पाय ५ घेऊ का असं दाजी मधे विचारत होते. तो वेगवान आहे, घड्याळाच्या बॅटरीची सोयही आहे, पण त्याला पुरतं चालायला ५ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, तेवढं नाही मिळालं तर यूएसबी पोर्टना मिळून ०.६ अँपिअरच देतो, आणि ५ व्होल्टवर ५ अँपिअर देणारी पॉवर बँक शोधायची म्हणजे परत पहिल्यापासून केबली तपासत बसा. नाही घेतला. पाय ४ सध्या दाजींच्या टीव्हीमागे आहे, ताईच्या फोनमधले फोटोही आता त्याच एसएसडीवर उतरतात, आणि हिरवा दिवा स्थिर झाला का हे बघायचं काम भाच्याकडे दिलंय.